पहिला खेळ कुठे झाला

नऊ मार्च २०१५ रोजी माझ्या कार्डावरून दोन हजार सातशे चाळीस रुपये अशा एका शहरात गेले, जिथे मी कधी गेलो नव्हतो आणि जाण्याचा संभवही नव्हता. माझ्या भाचीच्या पहिल्या लघुपटाची ती प्रवेश फी होती. परदेशात चालेल असं कार्ड तिच्याकडे नव्हतं आणि महोत्सववाले दुसऱ्या कुठल्या मार्गाने पैसे घेत नव्हते. "मामा, तू नुसते आकडे वाच, मी टाकते," ती म्हणाली. मी म्हटलं, "आकडे मीच टाकतो. तू नुसती बघ."

अडीच महिन्यांनी उत्तर आलं. यंदा प्रवेशिका फार आल्या, सगळ्याच चांगल्या होत्या, तुमची घेता आली नाही, पुढच्या कामासाठी शुभेच्छा. मी विचारलं, "आणि फी?"

"फी परत नसते, मामा."

हे बोलणं ताईच्या घरी जेवणाच्या टेबलाशी चाललं होतं. समोर ताईचे यजमान, माझे मेव्हणे, जेवत होते. त्यांनी हातातला घास परत ताटात ठेवला. "म्हणजे नापास करायचे पैसे घेतात? आमच्या शाळेत फुकट करायचे."

ताई हसली, मीही हसलो. भाची हसली नाही. तिने पाणी प्यायलं आणि म्हणाली, "पुढची मुदत एकवीस तारखेची आहे. लवकर भरलं तर फी कमी लागते."

या बाईचा मी मामा आहे. त्यामुळे पुढचा मजकूर एका बाजूला झुकलेला वाटला, तर तो झुकलेला आहे असंच समजून वाचावा.

घरात तिला भिंगरी म्हणतात. लहानपणी ती एका जागी ठरत नसे. आता एका खुर्चीत दहा-दहा तास बसते, पण नाव काही बदललं नाही. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर तिची एक भाड्याची खोली आहे. जिना बाहेरून, लोखंडी. खोलीत शिरलं की खालच्या रबर सोल्युशनचा वास येतो. खिडकीवर काळं कापड, जुन्या दाराचं केलेलं टेबल, त्यावर दोन स्क्रीन, आणि बुटांच्या खोक्यात रंगीत चिकटपट्ट्या लावलेल्या हार्ड डिस्क. या खोलीत ती लग्नाच्या व्हिडिओंचं संकलन करते. तिचं पोट त्यावर आहे. कोणी विचारलं की ती सांगते, "मी लग्नं कापते." आठ तासांचं लग्न पंचवीस मिनिटांत आणायचं आणि तरीही कुठल्याही आत्याबाईंना आपल्याला वगळलं असं वाटू द्यायचं नाही, ही काही सोपी विद्या नव्हे.

लग्नांच्या मधल्या दिवसांत ती स्वतःच्या फिल्म करते. छोट्या, दहा-पंधरा मिनिटांच्या. अशा फिल्म थिएटरात लागत नाहीत. त्यांना एकच रस्ता, महोत्सवांचा. गावोगावी, देशोदेशी असे महोत्सव भरतात. प्रत्येकाचा अर्ज वेगळा, फी वेगळी, नियम वेगळे. निवड झाली की महोत्सव एक चिन्ह पाठवतो. दोन पानांच्या डहाळ्या समोरासमोर वळवलेल्या आणि मध्ये महोत्सवाचं नाव. ते चिन्ह पोस्टरवर लावायचं. पोस्टरवर पानं किती, यावर त्या जगात माणसाची पत ठरते. मी सगळी नोकरी ताळेबंदात काढली आहे, त्यामुळे ही पद्धत मला पटकन समजली.

मेव्हण्यांना ती कधीच समजली नाही. ते लिफ्टचे मेकॅनिक. एकाच कंपनीत उमेदवारी केली आणि तिथूनच निवृत्त झाले. गुडघे जिन्यांनी खाल्ले. लिफ्ट बंद पडते तेव्हा मेकॅनिकला जिनाच चढावा लागतो, हे त्यांचं आवडतं वाक्य. ते मला हिशेबनीस म्हणतात आणि मी त्यांना भाऊजी.

दर आठ-पंधरा दिवसांनी त्यांचा एक प्रश्न ठरलेला असे.

"कुठल्या थेटरात लागला तुझा पिक्चर?"

"थेटरात नाही लागत, बाबा. महोत्सवात असतो."

"तिथे तिकीट असतं?"

"कुठे असतं, कुठे नसतं."

"मग बघतो कोण?"

याला भिंगरीकडे उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, पण सांगण्यासारखं नव्हतं. पहिल्या फिल्मला फिरून फिरून एकच महोत्सव मिळाला, एका आडगावातल्या शाळेच्या हॉलमध्ये. मी रजा काढून तिच्याबरोबर गेलो होतो. प्रेक्षक आम्ही दोघं धरून सहा. त्यातला एक पंखा दुरुस्त करायला आला होता. पंखा झाल्यावर तो शिडीवरच बसून राहिला आणि त्याने शेवटपर्यंत पाहिलं. परतीच्या बसमध्ये भिंगरी त्या माणसाबद्दलच बोलत होती. "मामा, त्याचं काम झालं होतं. तो जाऊ शकला असता."

दुसरी फिल्म तेवीस मिनिटांची झाली आणि कुठेच लागली नाही. का, ते तिने मला समजावून सांगितलं. "तेवीस मिनिटांत दोघांच्या फिल्म बसतात. निवडणारा माणूस दोघांना खूश करेल की एकाला?" तेव्हापासून तिने पंधरा मिनिटांची वेस ओलांडली नाही.

तिसरी फिल्म 'मशीनरूम'. चौदा मिनिटं. हा सगळा प्रपंच तिच्याबद्दल आहे.

लिफ्टचं यंत्र इमारतीच्या अगदी वर, गच्चीवरच्या एका खोलीत असतं. लिफ्टमध्ये रोज चढणाऱ्या-उतरणाऱ्या माणसांनी ती खोली कधी पाहिलेली नसते. एक मेकॅनिक नोकरीच्या शेवटच्या दिवशी त्या खोलीत जातो, तेल घालतो, कापडाने पुसतो, ऐकतो आणि दार लावून खाली येतो. कथा एवढीच. मेकॅनिकच्या कामासाठी तिने दोन नट पाहिले. दोघांचेही हात तिला पसंत पडले नाहीत. मग एका रविवारी ती वडिलांसमोर येऊन बसली.

"बाबा, तुमचे हात पाहिजेत."

"हातांचे किती देणार?"

"दोन वेळचं जेवण."

"ते तुझी आई असंही देते."

"मग चहा."

"साखर घालून?"

ताई स्वयंपाकघरातून ओरडली, "एक चमचा! डॉक्टरांनी सांगितलंय."

असा करार झाला. हातांपासून सुरुवात झाली आणि बघता बघता अख्खे भाऊजी फिल्ममध्ये आले. शूटिंग त्यांच्याच जुन्या कंपनीने बसवलेल्या एका लिफ्टच्या मशीनरूममध्ये, इमारतीच्या मालकाची लेखी परवानगी काढून. माणसं तीन. कॅमेऱ्यावर भिंगरी, समोर भाऊजी आणि आवाजावर तिचा जुना साथीदार. त्याला आम्ही सगळे आवाजवालाच म्हणतो. कमी बोलतो. कोणाच्याही घरी शिरला की आधी फ्रिजची घरघर ऐकतो. एकदा ताईकडे रेकॉर्डिंगसाठी त्याने फ्रिज बंद केला आणि तसाच निघून गेला. दोन लिटर दूध नासलं. ताईने त्याला असं काही फैलावर घेतलं की तेव्हापासून फ्रिज बंद केला की तो स्वतःच्या स्कूटरची किल्ली आत ठेवू लागला. किल्लीशिवाय घरी जाता येत नाही, म्हणजे फ्रिज चालू करणं आलंच.

भाऊजींना एक खोड होती. प्रत्येक शॉट संपला की ते सरळ कॅमेऱ्यात बघायचे आणि विचारायचे, "झालं?"

"बाबा, कॅमेऱ्यात बघायचं नाही."

"मग विचारायचं कोणाला? यंत्राला?"

ती पहिल्यांदा वैतागली. पुढे संकलनाला बसली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की फिल्मचा शेवट शोधायला कुठे जायची गरजच नाही. मेकॅनिक दिवा मालवतो, दाराशी थांबतो, वळून आपल्याकडे बघतो आणि विचारतो, "झालं?" पडदा काळा होतो. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा बराच वेळ चष्मा पुसत बसलो होतो.

या फिल्मसाठी तिने चांगला कॅमेरा विकला. एका मोसमाची लग्नं सोडून दिली. आणि सात महिन्यांनी ते पत्र आलं.

महोत्सव परदेशातला, मोठा होता. हजारो प्रवेशिकांतून स्पर्धेसाठी पंधरा फिल्म निवडल्या होत्या आणि त्यात 'मशीनरूम' होती. पहिल्या तिघांना जी रक्कम मिळणार होती, तिच्यात भिंगरीची पुढची फिल्म झाली असती आणि कॅमेराही परत आला असता. शिवाय त्या स्पर्धेत असलेल्या फिल्मला बाकीचे महोत्सव आपण होऊन बोलावतात. अट एकच. फिल्मचा पहिला जाहीर खेळ त्यांच्याच पडद्यावर व्हायला हवा. त्याआधी जगात कुठेही, तिकीट लावून असो वा फुकट, ती लोकांना दाखवलेली असता कामा नये. असेल तर स्पर्धेतून नाव बाद.

तिने घरात येऊन सगळ्यांना बजावलं. भाऊजींनी टीव्हीवर बघायला म्हणून पेन ड्राइव्ह मागितला होता. तो देताना पुन्हा बजावलं. "बाबा, हा जपायचा. बाहेर गेला तर संपलं सगळं."

"तीस वर्षं मी मेन स्विचची किल्ली जपली आहे," भाऊजी म्हणाले. "हे केवढंसं."

त्यांनी तो चष्म्याच्या डबीत ठेवला.

मधल्या काळात मी वार्षिक हिशेबतपासणीसाठी दुसऱ्या गावच्या शाखेत होतो. तिथे भिंगरीचा फोन आला. "मामा, तू कधी येतोस?" एवढंच म्हणाली. आवाज असा की मी कारण विचारलं नाही. शनिवारी परस्पर तिच्या खोलीवर गेलो. ती आणि आवाजवाला स्क्रीनसमोर बसले होते. स्क्रीनवर एक फोटो होता.

निवृत्त लिफ्ट कामगारांचं एक मंडळ आहे. छापखान्याच्या मागे त्यांचा पत्र्याच्या छपराचा लांबट हॉल आहे. तिथे महिन्यातून एकदा सगळे जमतात, पेन्शनच्या तक्रारी करतात, एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करतात. फोटोत तो हॉल गच्च भरलेला होता. समोर टीव्ही, टीव्हीशेजारी ताठ उभे भाऊजी. मागच्या फळ्यावर खडूने ठळक लिहिलेलं: "आज पहिला खेळ. सर्वांनी यावे." मंडळाच्या सेक्रेटरींनी तो फोटो मंडळाच्या पानावर इंटरनेटवर टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, "हाउसफुल!"

"कधीचा?" मी विचारलं.

"गेल्या रविवारचा," भिंगरी म्हणाली. "मामा, तू नियम वाचतोस. हा जाहीर खेळ होतो का?"

मी महोत्सवाची नियमावली पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मग दुसऱ्यांदा वाचली. तिला दुसरं काही सांगता आलं असतं तर मी सांगितलं असतं.

"होतो."

आवाजवाला म्हणाला, "सेक्रेटरीला फोटो काढायला सांगू. अर्ध्या तासाचं काम आहे. तिकडच्या लोकांना आपलं अक्षर तरी वाचता येतं का? कोणाला कळतंय?"

 भिंगरी फोटो मोठा करून एकेक चेहरा बघत होती.

इतक्यात लोखंडी जिना वाजायला लागला. एक पायरी, मग थांबणं, मग दुसरी पायरी. भाऊजी येत होते. ही खोली घेऊन तिला नऊ वर्षं झाली होती. ते इथे पहिल्यांदा येत होते. दारात उभं राहून त्यांनी श्वास घेतला, चष्म्याची डबी खिशातून काढली आणि टेबलावर ठेवली.

"तुझ्या आईने सांगितलं, माझं काहीतरी चुकलं. हे बघ, आहे तसा आहे. एकालाही कॉपी करू दिलेला नाही. पूर्ण वेळ मी शेजारी उभा होतो. दोघांनी मागितला. सेक्रेटरीने तर म्हटलं, उद्या आणून देतो. मी म्हटलं, हात नाही लावायचा."

मग आमच्या लक्षात आलं. ती 'बाहेर गेला तर' म्हणाली आणि त्यांनी चोरीचा अर्थ घेतला. त्यांच्या आयुष्यात जपणं म्हणजे किल्ली दुसऱ्याच्या हातात न देणं. वस्तू नुसती दाखवल्याने संपते, हे त्यांना कोण सांगणार? लिफ्ट कितीही जणांनी बघितली तरी लिफ्टच राहते.

भिंगरीने त्यांना सावकाश समजावलं. पहिला खेळ म्हणजे काय, स्पर्धा म्हणजे काय, बाद म्हणजे काय. भाऊजी टेबलाची कड धरून ऐकत होते. आवाज न चढवता बोलण्याची सवय तिला ताईकडून आली आहे. पण शेवटी तिला राहवलं नाही.

"बाबा, एवढी वर्षं तुम्ही माझी फिल्म बघायलासुद्धा आला नाहीत. आणि दाखवलीत तर अशी दाखवलीत."

भाऊजींनी खाली बघितलं. मग वकिली सुरू केली. "आपण लिहू की, तो खेळ नव्हता म्हणून. ट्रायल होती. लिफ्टमध्ये माणसं बसवायच्या आधी आम्ही ट्रायल घेतोच. वाळूची पोती भरतो, वर-खाली करतो. मी सही देतो. सेक्रेटरीची पण आणतो. हिशेबनीस, तुम्ही मजकूर करा."

"भाऊजी, फळ्यावर 'पहिला खेळ' लिहिलंय," मी म्हणालो.

"ते मीच लिहिलं," ते हळूच म्हणाले. "अक्षर चांगलं आलं होतं."

आवाजवाला फिस्सकन हसला आणि लगेच गप्प बसला. भिंगरीने खुर्ची त्यांच्याकडे ओढली. "बसा आधी. किती माणसं होती?"

"एक्केचाळीस चहा झाले. आणि दोघं चहा घेत नाहीत."

"म्हणजे त्रेचाळीस."

"आणि दोनदा लावला. पहिल्यांदा संपल्यावर कोणी उठेना. म्हणाले, पुन्हा लाव. आमच्यातला एक आहे, सगळ्यात जुना, त्याला आता नीट दिसत नाही. त्याला पुढे बसवलं होतं. तो डोळे मिटून ऐकत होता. मधेच म्हणाला, मागचं बेअरिंग कोरडं आहे, वंगण घाला. पिक्चरमध्ये मी त्याच वेळी तेलाचा डबा उचलतो. हॉल असा हसला म्हणतेस!"

आवाजवाला खुर्चीवरून उठला. "मागचं म्हणाले? मागचंच?"

"मागचंच."

त्या खोलीतल्या आवाजासाठी तो दोन दिवस यंत्राच्या मागे पोटावर झोपून होता. आजवर कोणी त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. तो खिडकीपाशी जाऊन काळं कापड नीट करत उभा राहिला. कापड नीटच होतं.

"आणि शेवटी?" भिंगरीने विचारलं. "शेवटी काय झालं?"

"शेवटी मी विचारतो ना, झालं? तर सगळे ओरडले, झालं, झालं! खाली या आता! सेक्रेटरीची बायको रडत होती. तिचा नवरा रोज घरी आल्यावर पहिल्यांदा हात धुवायचा, म्हणे. तेवढंच बोलली."

 खाली कोणीतरी सायकलचं चाक फिरवून बघत होतं. मग भिंगरी माझ्याकडे वळली.

"मामा, त्रेचाळीस. माझ्या सगळ्या फिल्मना मिळून इतकी माणसं आलेली नाहीत."

"अगं पण स्पर्धा..." आवाजवाला म्हणाला.

"खेळ झालाच नाही असं लिहिलं, तर ही माणसं कुठे गेली म्हणायची? ती वाळूची पोती होती?"

भाऊजी म्हणाले, "मी तसं म्हटलं नव्हतं."

"माहिती आहे, बाबा."

तिने तिथेच बसून महोत्सवाला पत्र लिहिलं. मी शेजारी होतो, पण माझी गरज पडली नाही. अमुक तारखेला, निवृत्त लिफ्ट कामगारांच्या हॉलमध्ये, फिल्मचा पहिला जाहीर खेळ झाला. प्रेक्षक त्रेचाळीस. प्रेक्षकांच्या आग्रहावरून लागोपाठ दुसरा खेळही झाला. आपल्या अटीचा भंग झाला आहे, तो माझ्या घरून झाला आहे, निर्णय आपण घ्यावा. फोटोही जोडला. क्षमा मागितली, ती एका ओळीत. वडिलांनी न समजून केलं, असं एक वाक्य तिने लिहिलं होतं. ते पुसलं.

पाठवण्याआधी तिचं बोट बराच वेळ बटणावर थांबलं होतं. त्या बोटाखाली काय काय होतं ते मला ठाऊक होतं: विकलेला कॅमेरा, सोडलेली लग्नं, आठ वर्षांच्या फिया. माझ्या नोकरीत मी पुष्कळ माणसांना खरा आकडा लिहिताना पाहिलं आहे, बहुतेकांना दुसरा इलाज नसायचा. तिला होता. आवाजवाला सांगत होता तो अर्ध्या तासाचा इलाज समोर फोनवर होता.

तिने बटण दाबलं.

उत्तर आठवड्याभरात आलं. नियम सर्वांना सारखे असल्यामुळे फिल्म स्पर्धेतून काढावी लागत आहे. तथापि निवड समितीला ती हातची जाऊ द्यायची नाही, सबब शेवटच्या दिवशी सकाळी, स्पर्धेबाहेरच्या विभागात दाखवण्यात येईल. प्रवासाच्या तिकिटाची सोय नाही. राहण्याची दोन रात्रींची आहे.

तिकीट भिंगरीने स्वतःचं काढलं. भाऊजींचं ताईने काढलं, स्वतःच्या साठवणीतून. "तुम्ही बिघडवलंय, तुम्हीच जाऊन उभे राहा तिच्याशेजारी," ती नवऱ्याला म्हणाली. आणि बॅगेत गुडघ्याचे पट्टे दोनऐवजी चार घातले.

मी गेलो नव्हतो, त्यामुळे तिथलं जे लिहितो ते ऐकीव आहे. सकाळचा खेळ, निम्म्या खुर्च्या भरलेल्या. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी फिल्मची ओळख करून देताना सांगितलं, की हिचा हा तिसरा खेळ आहे, पहिले दोन दिग्दर्शिकेच्या वडिलांनी लावले होते. लोक हसले. फिल्म झाल्यावर दोघांना वर बोलावलं. कोणीतरी भाऊजींना विचारलं, तुम्हाला अभिनय जमला कसा? भिंगरीने त्यांना प्रश्न समजावून सांगितला. भाऊजी म्हणाले, "अभिनय कुठला, मी तेल घालत होतो. बघणारी ती होती." हे तिला त्या लोकांच्या भाषेत सांगता येईना. तिने दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा वाक्य निम्म्यावर सोडलं. शेवटी आवाजवाल्याने मागच्या रांगेतून उठून सांगितलं. त्याने तिकिटासाठी स्कूटर विकली होती, हे आम्हाला पुढे कळलं.

बक्षीस कोणाला मिळालं ते मी लक्षात ठेवलेलं नाही.

त्यानंतर 'मशीनरूम' पुष्कळ फिरली. पहिल्या खेळाची अट असलेले महोत्सव आपोआप गळाले, आणि त्यात मोठे बरेच होते. तरी अट नसलेलेही कमी नाहीत. प्रत्येक अर्जात तो रकाना असतोच, पहिला जाहीर खेळ कुठे झाला. तिथे भिंगरी दर वेळी मंडळाचं नाव लिहिते, पत्त्यासकट. एका महोत्सवाने आवाजासाठी पारितोषिक दिलं. आवाजवाला ते घ्यायला गेला आणि दोन वाक्यांचं भाषण केलं. दुसरं वाक्य मागच्या बेअरिंगबद्दल होतं. पुढची फिल्म व्हायची आहे. कॅमेरा अजून परत आलेला नाही. ती पुन्हा लग्नं कापते आहे आणि तिच्या यंदाच्या तारखा भरल्या आहेत.

गेल्या महिन्यात मंडळाच्या हॉलमध्ये पुन्हा खेळ ठेवला, या वेळी टीव्हीवर नाही, प्रोजेक्टर आणून, ताईच्या पांढऱ्या चादरीवर. मी खुर्च्या मांडत होतो. भिंगरीने गुंडाळी उलगडून पोस्टर भिंतीला लावलं. खाली डहाळ्यांची चिन्हं, ओळीने अकरा. मी जवळ जाऊन वाचायला लागलो. पहिलं चिन्ह मला ओळखीचं वाटेना. डहाळ्या हाताने काढलेल्या होत्या, पानं जरा जास्तच मोठी. मध्ये लिहिलं होतं: "अधिकृत निवड, निवृत्त लिफ्ट कामगार मंडळ." आणि त्याखाली बारीक अक्षरात: "पहिला खेळ."

सेक्रेटरी धावत येऊन बघून गेले, मग बायकोला घेऊन आले. भाऊजी चष्मा कपाळावर चढवून, नाक टेकेल इतक्या जवळ उभे होते.

"बाबा," भिंगरी म्हणाली, "मग बघतो कोण, म्हणून विचारत होतात ना?"

"ते मी केव्हा विचारलं?"

"दर पंधरा दिवसांनी," ताई मागून म्हणाली.

 भाऊजी दारापाशी गेले आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला आधी पोस्टरपुढे उभं करायला लागले. सगळ्यात जुन्या मेकॅनिकला, ज्याला दिसत नाही, त्यांनी हात धरून आणलं आणि त्याचं बोट त्या पहिल्या चिन्हावर ठेवलं. "हे आपलं," ते म्हणाले. "पोरीने सगळ्यांच्या आधी लावलंय."

खेळ वेळेवर सुरू झाला. शेवटी भाऊजींनी पडद्यावरून विचारलं, "झालं?" आणि हॉलने उत्तर दिलं.

प्रोजेक्टरचं भाडं अकराशे रुपये झालं. निम्मं मंडळाने दिलं, उरलेलं आम्हा दोघा मेव्हण्यांत वाटून घ्यायचं ठरलं होतं. मी पूर्ण भरलं. भाऊजींकडून दोनशे पंचाहत्तर रुपये अजून येणे आहेत.